तोंडावरच्या शिरा

येसूची आई शाळेच्या दारात उभी राहून मला विचारत होती, की तिच्या मुलीच्या तोंडावर मी शिरा का घातल्या.

"मी घातल्या नाहीत," मी म्हणाले. "त्या जन्मापासूनच तिथे आहेत."

एखादं उत्तर शास्त्राप्रमाणे बिनचूक असूनही किती महागात पडू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. बाईने पदर खोचला. तिच्या मागे आलेल्या शेजारणींनी गालावर हात ठेवले. चौथीची मुलं पाटीत डोकं घालून अभ्यास करत असल्याचं नाटक करू लागली. हेडमास्तर परुळेकर आपल्या खोलीतून बाहेर आले, परिस्थिती पाहिली आणि पुन्हा आत गेले.

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. तेव्हा सिंधुदुर्ग म्हणजे मालवणसमोरचा किल्ला. जिल्हा सगळा रत्नागिरीच. मी मूळची सातारची. यजमान मालवणला पोस्टात होते म्हणून मीही घाट उतरले आणि खाडीपलीकडच्या एका गावात प्राथमिक शाळेत रुजू झाले. रोज सकाळी तरीने, म्हणजे उतारू पलीकडे नेणाऱ्या होडीने, जायचं आणि दुपारनंतर तसंच परतायचं. मी ट्रेनिंग झालेली होते, पोरांना न बडवता शिकवता येतं अशी माझी समजूत होती, आणि मालवणी बोलीचा मला गंधही नव्हता. गावाच्या दृष्टीने हे तिन्ही दोषच होते.

चौथीला विज्ञानात 'आपले शरीर' हा भाग होता. हाडं झाली, पोट झालं, मग आला मेंदू आणि मज्जासंस्था. मज्जासंस्था म्हणजे काय ते आधी सांगते. मेंदू हा अंगाचा मुख्य साहेब. तो डोक्याच्या कवटीत बसून असतो, स्वतः कुठे जात नाही. त्याच्याकडे निरोप न्यायला आणि त्याचे हुकूम पोचवायला अंगभर बारीक पांढरे धागे पसरलेले असतात, ते मज्जातंतू. पायात काटा रुतला की धागा वर वर्दी देतो, हुकूम सुटतो, पाय उचलला जातो आणि तोंडातून शिवी बाहेर पडते. यातलं शेवटचं पुस्तकात नव्हतं, पण मालवणात ते गृहीत धरतात.

मेंदू मी नारळावर शिकवला. करवंटी म्हणजे कवटी, आतलं मऊ खोबरं म्हणजे मेंदू, आणि त्याला धक्का बसू नये म्हणून पाणी. मुलांना झटकन कळलं. तान्ह्या पोराचा मेंदू शहाळ्यासारखा चमच्याने निघेल का, असं एकाने विचारलं. प्रश्न वाईट नव्हता. पाठीच्या कण्यासाठी मासा घेतला. मी माशाला हात न लावणारी बाई, पण ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की परिसरातलं साहित्य वापरा, आणि त्या परिसरात दुसरं साहित्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलांनी सुरमईचे आणि बांगड्याचे इतके काटे आणले की गावातली मांजरं वर्गात हजर झाली. काट्याच्या मणक्यांतून जाणारा पांढरा दोरा मुलांनी स्वतःच ओढून काढला. माणसाच्या पाठीतही असाच दोरा उतरतो हे मी सांगायच्या आधी त्यांना समजलं होतं.

गाडी अडली ती शब्दापाशी. मी फळ्यावर 'मज्जासंस्था' लिहिलं आणि वर्गात हशा फुटला. मज्जा करायची संस्था खंय आसा, तिचे मेंबर कसे होतात, ती रोज भरते की जत्रेसारखी वर्षातून एकदा. मला हसू आलं, पण धडा पुढे जाईना. शेवटी मी ठरवलं, शब्दच सोपा करायचा. अवघड शब्द टाळून घरचा शब्द वापरा, हेही ट्रेनिंगमध्येच सांगितलं होतं. आमच्या साताऱ्याकडे मज्जातंतू कोणी म्हणत नाही. शीर आखडली म्हणतात, शीर ओढतेय म्हणतात. मी फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'शिरा'. फार तर रव्याच्या शिऱ्यावरून विनोद होईल, एवढाच धोका मला दिसला.

कोणी हसलं नाही. मला वाटलं, जमलं.

आता ज्यांना मालवणी येत नाही त्यांच्यासाठी. 'शिरा पडो तुझ्या तोंडार' ही तिकडची पिढीजात शिवी आहे. यातल्या शिरा म्हणजे नेमकं काय, याची मी पुढे बरीच चौकशी केली. कोणी म्हणे काटेरी फांद्या, पुरलेल्या माणसावर टाकतात त्या. कोणी आणखी काही सांगे. अर्थाबद्दल मतभेद होते, वापराबद्दल नव्हते. सासू सुनेला म्हणते, तरीवाला उशिरा येणाऱ्या उतारूला म्हणतो, आई पोराला उठता बसता म्हणते. लाडानेही म्हणतात. पण ती घरच्या माणसाने द्यायची शिवी आहे. परक्या बाईने, तेही घाटावरच्या, तेही पोराच्या तोंडाला हात लावून, ती द्यायची नसते.

मी नेमकं तेच केलं होतं.

तोंड हलवणारी शीर मला मुद्दाम शिकवायची होती, कारण तिचा छान खेळ होतो. माझा भाऊ पुण्यात डॉक्टरकी शिकत होता, त्याने मला ती समजावली होती. ही शीर कानाच्या बुडातून निघते आणि पंजा पसरावा तशी गालावर पसरते. उजवीकडे एक, डावीकडे एक. डोळा मिटणं, हसणं, गाल फुगवणं, शीळ घालणं, हे सगळं तिच्याकडून होतं. खेळासाठी मी येसूला पुढे बोलावलं. येसू वर्गातली सगळ्यांत चलाख मुलगी. बाप गलबतावर खलाशी, पावसाळा सोडला तर घरी नसायचा. घर आई बघायची. मी खडू घेतला आणि येसूच्या उजव्या गालावर कानापासून पाच रेघा ओढल्या. म्हटलं, "ह्या बघा येसूच्या तोंडावरच्या शिरा. तुमच्या सगळ्यांच्या तोंडावर आहेत." वर्ग चिडीचूप झाला. मी त्यांच्याकडून गाल फुगवून घेतले, शिळा घालून घेतल्या. ती शांतता मला एकाग्रता वाटली.

येसू गाल न पुसता घरी गेली आणि बाईंनी काय सांगितलं ते तिने आईला जसंच्या तसं सांगितलं. म्हणून आई दारात.

"म्हणजे सगळ्या पोरांच्या तोंडार घातलास?" तिने विचारलं.

"सगळ्यांच्या असतातच. तुमच्याही आहेत. हेडमास्तरांच्याही आहेत."

हे ऐकून परुळेकर मास्तर मात्र लगबगीने बाहेर आले. त्यांनी तिला बाजूला घेतलं. बाई घाटावरची आहे, तिला आपली भाषा येत नाही, तिच्या गावाला शिरा म्हणजे दोऱ्यासारखं काही तरी असतं, असं बरंच काही मालवणीत सांगितलं. येसूची आई गेली, पण जाताना माझ्याकडे बघून गेली. मास्तर मला म्हणाले, "बाई, इथे पोरांना आधी भाषा विचारा, मग विज्ञान सांगा." मी हो म्हटलं आणि फळ्यावर पुन्हा 'मज्जातंतू' लिहिलं. प्रकरण मिटलं असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी येसू उठली ती तोंड वाकडं करूनच. उजवा गाल लोंबलेला, हसली की तोंड सगळं डावीकडे ओढलं जाई, पेज प्यायली की उजव्या कोपऱ्यातून ओघळे. उजवा डोळा मिटेचना. आणि उजवा गाल म्हणजे मी खडूने रंगवलेला गाल. डावा असता तर मी वाचले असते.

आईने तिचं तोंड पदराखाली झाकून तरीने मालवण गाठलं, डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी तपासलं, हसले आणि धीर द्यायला म्हणाले, "काही नाही, तोंडाची शीर सुजली आहे."

माझ्या नशिबाला हेच वाक्य हवं होतं. बातमी ऐकून त्या संध्याकाळी मी त्यांच्या दवाखान्यात गेले तेव्हा ते मला म्हणाले, की शीर म्हटल्याबरोबर ती बाई अशी काही बघायला लागली, जणू मीच कुठल्या तरी गुन्ह्यातला साथीदार. मी त्यांना म्हटलं, साथीदार तुम्ही, गुन्हेगार मी. सगळी हकिगत ऐकून ते आधी पोट धरून हसले आणि मग गंभीर झाले. तोंडाची त्यांना काळजी नव्हती. हा आजार सर्दीसारखा कुठूनही येतो, मुलांत बहुतेक वेळा आपोआप जातो, महिना दोन महिने लागतात. काळजी होती ती डोळ्याची. डोळा मिटत नाही म्हणजे बुबुळ सुकतं. वर समुद्राचा वारा आणि रेती. जखम झाली, ती चिघळली, तर नजर जाईल ती परत यायची नाही. म्हणून त्यांनी मलमाची ट्यूब दिली होती: दिवसातून चारदा डोळ्यात घालायचं आणि झोपताना पट्टी बांधायची. "तेवढं करायला सांगा," ते म्हणाले. "बाकीचं निसर्ग बघेल."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी येसूच्या घरी गेले. अंगणाच्या पलीकडे मला येऊ दिलं नाही. ट्यूब कुठे आहे विचारलं, तर आईने माडांकडे बोट केलं. तिथे ती फेकून दिली होती.

"शिरेक मलम लावून काय होतला?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "जेणां घातल्यान, तेणां काढूक व्हयी. औषधान ती जावची नाय. आणि तुमी दिलला तर मी तिच्या अंगाक लावूचीच नाय. चेडवाचो बापूस येतलो तेव्हा तेका मी काय सांगू?"

मी सांगायचा प्रयत्न केला. मी घातलेलं काही नाही, हा आजार आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. ती म्हणाली, डॉक्टरांनीही शीरच सांगितली. तेवढ्यात येसू ओटीवर आली. उजवा डोळा सताड उघडा, लाल, पाणी गळतंय. माझ्याकडे बघून ती हसायला गेली आणि तिचं अर्धंच तोंड हसलं. मला रडू फुटलं. विज्ञान, ट्रेनिंग, सगळं एका बाजूला राहिलं. त्या मुलीचा डोळा माझ्या एका शब्दापायी जाणार, एवढंच मला दिसत होतं.

गावात मात्र माझी पत वाढली. बाईंची जीभ लागते हे सिद्ध झालं होतं. वर्गात एवढी शिस्त मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी फळ्याकडून वळले की मुलं गाल झाकून घेत. तरीवाला मी उशिरा आले तरी थांबू लागला, एक शब्द बोलेना. एक म्हातारी तर चक्क कोंबडा घेऊन शाळेत आली. तिचा चुलत दीर हद्दीवरच्या फणसावर हक्क सांगत होता. त्याच्या तोंडावर वायच शिरा घाला, फार नको, फणस उतरेपर्यंत पुरे, असं तिचं म्हणणं होतं. मी तिला घालवून दिलं. कोंबडा दोन वेळा वर्गात परत आला.

परुळेकर मास्तरांनी उपाय सुचवला. "बाई, देवळात गाऱ्हाणं घाला."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने केलेली फिर्याद आणि मागणं. गावचा मानकरी ते सांगतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेले लोक एका आवाजात 'व्हय महाराजा' म्हणतात. तिकडे घर बांधणं, लग्न ठरणं, गलबत पाण्यात जाणं, काहीही गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. मी मास्तरांवर उखडले. ज्या बाईने मुलांना मेंदू शिकवला तिने देवळात जाऊन कबूल करायचं की तिच्या शिवीने तोंड वाकडं झालं? मग शिकवलेलं सगळं परत घेऊ का? शरीरात शिरा नसतात म्हणून सांगू?

"शरीरातल्या राहू देत," मास्तर थंडपणे म्हणाले. "तुमच्या तोंडातून पडल्या तेवढ्याच परत घ्या."

मी तत्त्वाला धरून बसले. फार वेळ बसता आलं नाही. एका सकाळी येसूच्या शेजारची मुलगी वर्गात येऊन म्हणाली की येसूचा डोळा सकाळी चिकटला होता आणि तिला उजेड सोसत नाही. तत्त्व माझं होतं, पण डोळा तिचा होता. मधल्या सुट्टीत मी गावच्या मानकऱ्याला, दाजी गावकरांना, बोलावणं धाडलं.

दाजी म्हणजे उंच, वाळका, तोंडात कायम पान असलेला म्हातारा. ते बाकावर बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. मी माझी अट सांगितली. गाऱ्हाणं घाला, मी समोर हात जोडून उभी राहीन, चूकभूल माझ्या नावावर घाला. पण त्यात मलम आणि पट्टी आली पाहिजे.

"देवाक मलम सांगूचा?" दाजींनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"देवाला नाही हो. देवासमोर, तिच्या आईला."

दाजींनी पुढे वाकून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे देवाच्या खांद्यार बंदूक," ते म्हणाले. मी मान हलवली. त्यांना ते पटलं असावं, कारण ते हसले. पण त्यांचीही एक अट होती. जे आपण सांगणार ते आपल्याला कळलं पाहिजे, नाही तर देव आपल्यालाच उलटा प्रश्न विचारील. लिहून दिलेलं चालणार नाही, गाऱ्हाणं कागदावरून वाचायचं नसतं.

मग मी दाजी गावकरांना मज्जासंस्था शिकवली. नारळ फोडला. सुरमईचा काटा दाखवला. त्यांच्या स्वतःच्या कानामागे बोट ठेवायला लावलं, एक डोळा मिटायला लावलं, शीळ घालायला लावली. खिडकीत चौथीची मुलं गोळा झाली आणि आपल्या मानकऱ्याला गाल फुगवताना बघून धन्य झाली. इतका मन लावून ऐकणारा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. मेंदूचा हुकूम डोळ्याच्या पापणीला पोचत नाही हे कळल्यावर ते म्हणाले, मग पापणी बिचारी काय करणार, तिला निरोपच नाही. शब्दावर मात्र ते अडले. शिरा हा शब्द देवळात काढायचा नाही, तो ह्या प्रकरणात आधीच पुरेसा बदनाम आहे. मज्जातंतूही नको, देवापुढे मज्जा नको. शेवटी त्यांनी माशाच्या काट्यातला 'दोरो' उचलला. मला त्यात काही चूक दिसली नाही.

गाऱ्हाण्याला अख्खं गाव लोटलं. बाई शिरा परत घेणार म्हणजे कशा घेणार, हातात की पदरात, याची सगळ्यांना उत्सुकता. मी नवी ट्यूब आणली होती. गुरवाने ती नारळाशेजारी देवाच्या पायाशी ठेवली. येसूची आई एका खांबाला टेकून उभी होती, येसू तिच्या पदराआड. दाजींनी पान थुंकलं, डोक्याला मुंडासं बांधलं आणि आवाज लावला.

"बा देवा महाराजा! बारा गावच्या महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"ही बाई घाटावयली. आमच्या पोरांका शिकवूक इली. तिका आमची भास कळणा नाय. तिच्या तोंडातसून काय वाकडो शब्द पडलो आसात, तर तो पोराच्या तोंडावयलो उचल, आणि तिचो तिका परत दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" गाव फार उत्साहाने म्हणालं. शब्द मला परत द्यायचं आमचं ठरलं नव्हतं. मी हळूच स्वतःचा गाल चाचपला.

"पोराच्या कानाच्या बुडात जो दोरो आसा, तेका सूज इली आसा. तेच्यामुळे टकल्यातलो हुकूम डोळ्याक पावणा नाय. ती सूज उतरव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" चौथीची मुलं सगळ्यांत मोठ्याने ओरडली. त्यांना ते समजत होतं.

"आणि ती उतरासर चेडवाचो डोळो उघडो रवता. तेच्यात वारो जाता, रेंव जाता. म्हणान तिच्या आवशीक बुद्धी दी, तुझ्या पायाकडचा ह्या मलम दिवसातसून चार वेळा घालूची, आणि निजताना फडक्यान डोळो बांधूची, रे महाराजा!"

देवळात कोणी बोलेना. मलम हा शब्द त्या देवळात आधी उच्चारला गेला नसावा, आणि त्याला होकार द्यायचा की नाही हे कोणालाच ठरवता येईना. लोक एकमेकांकडे, मग येसूच्या आईकडे बघू लागले. ती खांबापासून पुढे आली. देवाकडे बघत, एकटीच, अगदी हळू म्हणाली, "व्हय महाराजा."

मग गावही म्हणालं. गुरवाने ट्यूबला अंगारा लावला आणि तिच्या पदरात टाकली.

त्या दिवसापासून मलमाची एक वेळ चुकली नाही. डॉक्टरने सांगितलं असतं तर दोन दिवसांत कंटाळा केला असता. देवाची पथ्यं कोण मोडणार? आईने तर चाराच्या जागी पाच वेळा घातलं, एक देवाला जास्तीची म्हणून. डोळ्याची लाली गेली, पाणी थांबलं, आणि काही दिवसांनी येसू डोळ्यावर स्वच्छ पांढरं फडकं बांधून शाळेत आली. तोंड अजून वाकडंच होतं. मुलं तिला मानाने पुढे बसवत, कारण तिच्यासाठी खुद्द देवाला दोऱ्याचं शिक्षण घ्यावं लागलं होतं.

एका मधल्या सुट्टीत ती माझ्यापाशी आली. "बाईंनू, माझो दोरो कोण बरो करता? देव काय मलम?"

मी कधी मुलांशी खोटं बोलले नव्हते. म्हटलं, "दोघंही नाहीत. मलम फक्त डोळ्यासाठी आहे. दोरा आपला आपणच बरा होतोय."

येसूने विचार केला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्याही फक्त डाव्या बाजूला. मग इकडेतिकडे बघून ती हळूच म्हणाली, "मगे ह्या आवशीक सांगू नकात. ती मलम घालूचा बंद करतली."

मी सांगितलं नाही. दाजींना नाही, परुळेकर मास्तरांनाही नाही.

पाऊस जवळ आला, गलबतं परतली. एका दुपारी येसूची आई नवऱ्याला घेऊन शाळेत आली. त्याच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेली ताजी सुरमई होती, माझ्यासाठी. मी खात नाही हे सांगायचं धैर्य मला झालं नाही. तो अवघडून उभा होता. ती मात्र मोकळी बोलली. देवाने सगळं पार पाडलं, आता पोरीच्या तोंडावर काही राहिलं नाही. मग म्हणाली, "तुमी घातलास, तुमीच काढलास. मी तुमका माफ केलंय, बाईंनू. माझ्या मनात आता काय नाय."

न केलेल्या गुन्ह्याची माफी पदरात पडली की काय बोलावं, हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. घाटावरची जीभ वळवळू लागली. शिवी नव्हती, आजार होता, आपोआप गेला, असं एकदाचं सांगून टाकावं असं फार वाटलं. तेवढ्यात आईच्या पाठीमागून येसूने माझ्याकडे पाहिलं आणि उजवा डोळा मिटला. पूर्ण, घट्ट मिटला, आणि उघडला.

मी हात जोडले आणि मासा घेतला.

पुढच्या वर्षी नव्या चौथीला फळ्यावर मी 'मज्जासंस्था' असंच लिहिलं. मुलं हसली, मेंबर कसं व्हायचं विचारू लागली. मी त्यांना पोटभर हसू दिलं.